वाचकांचे प्रश्न : पाइनच्या राईत दोन रात्री

प्रश्न : आम्ही पती-पत्नी खानापूर तालुक्यातले असून दोघांनीही साठी ओलांडली आहे. लेक आणि जावई अमेरिकेत डेट्रॉईटजवळ राहतात. जूनमध्ये आम्ही तिकडे गेल्यावर सर्वांनी मिशिगनमधल्याच हार्टविक पाइन्स या उद्यानात दोन रात्री तंबूत राहायचे, असा बेत आहे. तिथे देवदाराचे फार जुने जंगल आहे, असे लेक सांगते. तिथली चाल आमच्या गुडघ्यांना झेपेल का आणि तंबूपुढे तीन दगडांची चूल मांडून भाकरी करता येईल का?

उत्तर : आधी झाडाचे नाव दुरुस्त करून घेऊ. ते झाड देवदार नसून पांढरा पाइन आहे. आपल्याकडे सुरूलाही सर्रास पाइन म्हणतात, म्हणून खूण सांगतो. खाली पडलेली डहाळी उचलून पाहावी. मऊ, बारीक सुया पाच-पाचांच्या जुडग्यात असतील तर तो पांढरा पाइन, आणि लांब सुया जोडीजोडीने आल्या असतील तर तांबडा.

मिशिगनमधील पाइनची एकोणिसाव्या शतकात अफाट तोड झाली. हिवाळ्यात गोठलेल्या वाटांवरून ओंडके ओढून नदीकाठी रचले जात आणि बर्फ वितळले की पाण्याबरोबर गिरण्यांकडे सोडले जात. या तोडीतून वाचलेली ८५ एकरांची राई आणि भोवतालची जमीन मिळून ८,००० एकरांहून अधिक क्षेत्र कॅरेन मायकेलसन हार्टविक यांनी १९२७ मध्ये दिवंगत पतीच्या स्मरणार्थ राज्याला दिले. त्यांचे माहेरच लाकूड व्यवसायातले होते, हे मला विशेष वाटते. आपल्या देवराया देवाच्या धाकाने टिकल्या, ही राई मात्र तोडणाऱ्यांच्याच घरातून राखली गेली. पुढे ११ नोव्हेंबर १९४० च्या वादळात बरीच झाडे कोसळून ती ४९ एकरांवर आली. तेव्हा सारे उद्यान जुन्या वृक्षांचे असेल, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये.

या राईतून जाणारी फेरी सुमारे दोन किलोमीटरची असून वाट पक्की आहे. जांबोटीकडच्या चढउतारांची सवय असलेल्या तुमच्या गुडघ्यांना ती जड जाणार नाही. वाटेवरच जुन्या लाकूडतोड्यांच्या छावणीचे संग्रहालय लागते; तिथे निवांत वेळ काढावा.

चुलीचा बेत मात्र सोडून द्यावा. आग केवळ मुक्कामाच्या जागी नेमून दिलेल्या गोल रिंगणातच पेटवायची असते. त्या आगीवर मक्याची कणसे उत्तम भाजतील, पण भाकरीला एकसारखी आच लागते, तेव्हा गॅसची छोटी शेगडी न्यावी. लेकीच्या परसातले जळणही गाडीत घालू नये. ॲश वृक्षांचा फडशा पाडणारा एक हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉईट परिसरातच प्रथम आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली दडून लाकडाबरोबर दूरवर पोहोचतात. जळण उद्यानाजवळच विकत घ्यावे.

त्या भागात काळी अस्वले असल्यामुळे बेसनाच्या लाडवांचा डबा तंबूत उशाशी न ठेवता रात्री गाडीत बंद करून ठेवावा. गोचीड तिथेही असतात, म्हणून पायमोजे विजारीवर ओढून चालावे. पहाटे जूनमध्येही स्वेटर लागतो. जागेचे आरक्षण सहा महिने आधीपासून करता येते. शनिवार-रविवार हवा असेल तर जावयांना आजच सांगावे.

प्रश्न : अमेरिकेपर्यंत कशाला जायचे? आम्हा निपाणीच्या मित्रांना भीमगडाच्या जंगलातच तंबू ठोकता येईल का?

उत्तर : मनाला येईल तिथे ठोकता येणार नाही. भीमगड हे २०११ पासून वन्यजीव अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याविना आत शिरणेही गुन्हा ठरतो. शिवकालीन किल्ला पाहायचा असला, तरी आधी वनखात्याकडे चौकशी करावी. बारापेडे गुहांकडे तर अजिबात वळू नये. तिथे राहणारी रॉटनची वटवाघळे जगात मोजक्याच ठिकाणी सापडली आहेत आणि माणसांच्या वावराने ती बिचकतात. तंबूच ठोकायचा असेल, तर अभयारण्याच्या हद्दीबाहेर एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या शेतात ठोकावा, तोही पावसाळा सरल्यावर. आषाढात कणकुंबीच्या बाजूला तंबूपेक्षा कौलारू छप्पर बरे.