शंभर रुपयांची कपात

चि. सौभाग्यकांक्षिणी वगैरे काही लिहीत नाही. आमदार झालीस म्हणून "आपण"ही लिहिणार नाही. आमच्या ओट्यावर बसून पाढे म्हणणारी तू, तुला तूच म्हणणार.

परवा टीव्हीवर तुला पाहिलं. विधानभवनाच्या पायऱ्या, गळ्यात रिकाम्या सलाईनच्या बाटल्यांची माळ, मागे आठ-दहा जण आणि आरोग्याचा निधी कापल्याच्या घोषणा. बावीस सेकंद दाखवलं, मी मोजले. तुझ्या काकूला फार कौतुक वाटलं. मलाही वाटलं, पण मी तीस वर्षं एका विरोधी आमदाराचा पीए होतो, त्यामुळे माझी नजर माळेवरून लगेच तुझ्या हाताकडे गेली. हातात कागद नव्हता.

दुसऱ्या दिवशी सभागृहात व्हायचं तेच झालं. तू म्हणालीस, सरकारने आरोग्याचं बजेट कापलं. मंत्री उठले, यंदाची तरतूद गेल्या वर्षापेक्षा जास्त असल्याचं पुस्तकातून वाचून दाखवलं आणि बसले. तुला पुढे बोलता येईना. खोटं तूही बोलली नव्हतीस आणि तेही बोलले नव्हते.

कपात तरतुदीच्या रकान्यात क्वचितच सापडते. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात लेखाशीर्ष २२१० उघड, वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य. तिथे चार रकाने दिसतील: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याच वर्षाचा सुधारित अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज. मंत्री चौथा रकाना वाचतात, तू पहिल्यापासून सुरू कर. अर्थसंकल्पात घोषणा होते, मग निधी बीम्सवर, म्हणजे निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, तुकड्यातुकड्याने पडतो, कधी वित्त विभाग अडवून धरतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकदम येतो तेव्हा खर्च करायला ना निविदा तयार असते ना वेळ. उरलेला समर्पित होतो, म्हणजे तिजोरीत परत जातो. हे सगळं प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात उमटतं, पण दोन वर्षांनी. तोवर माणसं नवी घोषणा ऐकत असतात.

आणि एक मोठं माप हाताशी ठेव. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा. महाराष्ट्र तिथे पोचलेला नाही, आणि यात सरकार कुणाचं हा प्रश्नच नाही. तुझ्या पक्षाचं होतं तेव्हाही नव्हता पोचला. हे तू स्वतःच पहिल्या मिनिटाला कबूल करून टाक, म्हणजे समोरच्यांच्या हातातलं हत्यार निघून जाईल.

मी केलेली एक चूक सांगतो. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात सीटी स्कॅन बंद होतं. मी रात्रभर बसून प्रश्न तयार केला आणि तो सार्वजनिक आरोग्य मंत्र्यांना उद्देशून दिला. आता तू म्हणशील, मग कुणाला द्यायचा? वैद्यकीय शिक्षण विभागाला! ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आरोग्य विभागाकडे, महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षणाकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्र चालवायचं जिल्हा परिषदेने. उत्तर एका ओळीचं आलं, विषय आमच्या विभागाशी संबंधित नाही. साहेब त्या संध्याकाळी मला काही बोलले नाहीत. फक्त मी आणलेला चहा तसाच ठेवला.

आता शंभर रुपयांची गोष्ट, जी तुला कुणी सांगितली नसेल. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०३ प्रमाणे विधानसभा एखाद्या खात्याची खर्चाची मागणी मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून मंजूर करू शकते. वाढवू शकत नाही. म्हणजे आरोग्याला जास्त पैसा द्या असं सांगायला उभ्या राहिलेल्या आमदाराला सूचना मांडता येते ती कपातीचीच. मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, आणि का, तर अमुक ग्रामीण रुग्णालयात तमुक महिन्यांपासून भूलतज्ज्ञ नाही. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी हसलो होतो. कपातीला विरोध करायचा तर कपात सूचना द्यायची! पण त्या शंभर रुपयांमागे जे कारण लिहितेस ते छापलं जातं, सदस्यांना वाटलं जातं आणि विभागाला त्यावर टिपणी तयार करावी लागते. मंत्रालयातला अवर सचिव जिल्हा शल्यचिकित्सकाला फोन करतो, तो वैद्यकीय अधीक्षकाला. त्या फोनसाठी सगळा खटाटोप.

सूचना पडणार. तशी मंजूर झाली तर सरकारच अडचणीत येईल, म्हणून ती पडतेच, आणि बऱ्याच मागण्या तर चर्चेविनाच शेवटच्या दिवशी गिलोटिनखाली जातात. वाईट वाटून घेऊ नकोस. मृणालताई गोरे यांनी १९८६ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, आणलं. अशासकीय विधेयकं मंजूर होत नसतात हे त्यांनाही ठाऊक होतं. १९८८ मध्ये सरकारने स्वतःचा कायदा केला, देशातला पहिला.

पण कारण लिहायचं तर ते बघून आलं पाहिजे. आमच्या तालुक्यात मी साहेबांबरोबर नाही, एकटा जायचो, एसटीने. आमदाराची गाडी आली की फरशी पुसलेली असते. एकदा औषध भांडारात गेलो. औषधनिर्माण अधिकारी बरा माणूस होता, पण नोकरीला घाबरून. साठा नोंदवही मागितली तर म्हणाला, वरिष्ठांची परवानगी लागेल. मग म्हणाला, मी जरा चहा घेऊन येतो, आणि नोंदवही माझ्याकडे वळवून उघडीच टाकून गेला. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीच्या पानावर शिल्लक रकान्यात "निरंक" लिहिलेलं, आणि खाली पुढची आवक सत्तेचाळीस दिवसांनंतरची. बाहेर खिडकीशी एक बाई केसपेपर हातात धरून उभी होती, त्यावर पेनने "बाहेरून" लिहिलेलं. तिने मला विचारलं, बाहेरून म्हणजे कुठल्या दारातून? हे मी साहेबांना सांगितलं, साहेबांनी सभागृहात सांगितलं. त्या वाक्यावर मंत्र्यांना पुस्तकातून वाचून दाखवायला काही नव्हतं.

याच्या उलट उदाहरण तुला आठवत असेल. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू, त्यात १२ नवजात बाळं. सुरुवातीला रुग्णालयाकडूनच औषधखरेदी रखडल्याचं ऐकू आलं, मग औषधं पुरेशी होती असं सरकार म्हणालं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. आणि एका खासदारांनी तिथे जाऊन काय केलं, तर प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन शौचालय साफ करायला लावलं. कॅमेऱ्यासमोर. राज्यभर चर्चा झाली ती त्या झाडूची. त्या विभागात खाटा किती, बाळं किती, परिचारिका किती, खरेदीचे अधिकार कुणाला, हे प्रश्न झाडूखाली गेले. तुझ्या गळ्यातली बाटल्यांची माळ पाहून मला तो झाडू आठवला, एवढंच म्हणतो. रागावू नकोस.

तू भ्रष्टाचारावरही बोललीस, पण वेगळ्या दिवशी, वेगळ्या भाषणात. हे दोन विषय वेगळे काढू नकोस. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोक्यातला किंवा डोळ्यातला दाब कमी व्हावा म्हणून त्यांना ग्लिसरॉल दिलं होतं, त्यात डायइथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचं विष निघालं. मूत्रपिंडं गेली. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली आणि बाटलीपासून सुरू करून धागा रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासन आणि मंत्र्यांच्या दालनापर्यंत नेला. आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. मी तेव्हा नुकताच कामाला लागलो होतो. पैसे खाल्ले की फक्त तिजोरी हलकी होते अशी माझी समजूत होती, ती तिथे संपली.

आता दुसरी बाजू बघ. खरेदीतले गैरव्यवहार थांबावेत म्हणून २०१७ मध्ये राज्याने औषधखरेदी एका जागी, हाफकिनच्या महामंडळाकडे दिली. कागदावर उत्तम. पण खरेदी रखडत गेली, रुग्णालयं ओरडत राहिली आणि २०२३ मध्ये कायदा करून वेगळं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभारावं लागलं. सही केली तर चौकशी लागेल या भीतीने सहीच न करणारा अधिकारी मी पाहिलाय, एक नव्हे अनेक. पैसे खाणाऱ्यामुळे औषध येत नाही, आणि त्याच्या धसक्याने खरेदीच न करणाऱ्यामुळेही येत नाही. त्या खिडकीपाशी उभ्या बाईला फरक काय? म्हणून प्रश्न विचारताना "घोटाळा झाला का" एवढंच विचारू नकोस. मागणीपत्र कधी गेलं, निविदा कधी निघाली, पुरवठा आदेश कधी, माल कधी आला, पैसे कधी दिले, अशा पाच तारखा माग. चोरी असो की चालढकल, दोन तारखांमधल्या अंतरात दिसतेच.

आता जरा अवघड बोलतो. माळ घातल्यावर आठ दिवसांत तुझ्याकडे एक माणूस येईल. आला नसेल तर येईल. सफारी घातलेला, नम्र, हातात स्पायरल बाइंडिंगची फाईल. निविदेतला सगळा गैरप्रकार त्यात क्रमवार लावलेला, तुझा तारांकित प्रश्नही, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाइप करून तयार. आणि बहुतेक वेळा त्यातली माहिती खरी असते! तो हरलेला पुरवठादार असतो. त्याला भ्रष्टाचार संपवायचा नाही, कंत्राट फिरवायचं आहे. फाईल वाच, चहा पाज, पण त्यातला एक शब्दही स्वतःच्या सहीने देऊ नकोस. तीच कागदपत्रं विभागाकडून किंवा माहिती अधिकारात मिळव, कॅगचा अहवाल बघ, मग स्वतःच्या भाषेत लिही. आणि एकदा दिलेला प्रश्न मागे घेऊ नकोस. मागे घेतलेल्या प्रश्नाचा भाव काय असतो हे लॉबीत सगळ्यांना पाठ असतं.

हे काही आजचं नाही. १९५१ मध्ये हंगामी संसदेतल्या एच. जी. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला आणि त्यांना जावं लागलं. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नांसाठी पैसे घेताना छुप्या कॅमेऱ्यात सापडलेल्या ११ खासदारांना संसदेने काढलं, त्यातले दोघे आपल्या महाराष्ट्राचे. सभागृहातल्या भाषणाला अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे खरं, पण लाच घेऊन केलेल्या भाषणाला किंवा दिलेल्या मताला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी मार्च २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि हो, तेच संरक्षण बाहेर पायऱ्यांवर नसतं. परवा तू पायऱ्यांवर एका कंपनीचं नाव घेतलंस. ते आत घ्यायचं होतं.

तुझ्या मतदारसंघातल्या उपजिल्हा रुग्णालयाच्या सफाईचं कंत्राट कुणाकडे आहे, ते तुला माहीत आहे आणि मलाही. तुझ्या प्रचारात त्याच्या तीन गाड्या होत्या. त्याच्या कामगारांना किती पगार मिळतो ते आधी विचार, मग राज्याचं विचार. तो रुसेल. पुढच्या निवडणुकीत गाड्या नसतील. मी याचा सोपा उपाय शोधला, सापडला नाही. साहेब दोनदा याच पायी पडले, तिसऱ्यांदा आले.

सोबत कपात सूचनेचा मसुदा जोडलाय. भाषा नियमाप्रमाणे आहे, कक्ष अधिकारी परत करणार नाही. रुग्णालयाचं नाव, औषधाचं नाव आणि नोंदवहीतली तारीख या तीन जागा मी मुद्दाम कोऱ्या सोडल्यात. रविवारी अधिवेशनाला सुट्टी आहे, सकाळची सातची एसटी पकड. गाडी नेऊ नकोस.

तुझा,
काका