गाणं चळवळीचं, भाडं मात्र दर महिन्याचं

प्रश्न : दादा, मी घाटकोपरला राहतो, एका बॅक ऑफिसात नोकरी करतो. गिटार आणि हलगी घेऊन स्वतः लिहिलेली गाणी गातो, रिडेव्हलपमेंटमध्ये बाहेर पडलेले भाडेकरू, मॅनहोलमध्ये उतरणारे कामगार, आरेचं जंगल असे विषय असतात. आंदोलनात बोलावतात, व्हिडिओ फिरतात, पण पैसे कोणी देत नाही आणि मागायला मला लाज वाटते. आता एका म्युझिक कंपनीने करार पाठवलाय. नोकरी सोडू का? ह्यात करिअर होतं का खरंच?

उत्तर : नोकरी सोडू नको. आत्ता तरी नको, आणि त्या करारावर सहीही करू नको, त्याचं पुढे सांगतो.

तू घाटकोपरचा म्हणजे चिरागनगर तुला माहीतच असणार. अण्णाभाऊ साठे तिथल्याच झोपडपट्टीत राहून लिहायचे. १९४४ ला अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ह्या तिघांनी सभा गाजवल्या, १९६१ ला अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ला राज्य सरकारचा पुरस्कारही मिळाला, आणि तरी १९६९ ला ते गेले ते हलाखीतच गेले. आपण काय करतो, ही गरिबी त्यांच्या मोठेपणाचा पुरावा असल्यासारखी भाषणात सांगतो, मला ह्याचा खरंच राग येतो. हलाखीमुळे गाणं मोठं झालं नाही रे, हलाखी असूनसुद्धा झालं. तेव्हा उपाशी राहिलो तरच आपण खरे शाहीर असं मनात असेल तर ते आधी काढून टाक.

‘कोर्ट’ पिक्चर बघितलायस का, २०१४ चा? त्यातला लोकशाहीर सुरुवातीला पोरांची शिकवणी घेताना दिसतो आणि मग स्टेजवर जातो. त्यातली गाणी संभाजी भगत यांची आहेत. मला तो शिकवणीचा भाग फार खरा वाटला, कारण अशा गायकाचा महिना एका ठिकाणच्या पैशावर चालत नाही. थोडं वर्कशॉपचं येतं, थोडं कार्यक्रमाचं, एखाद्या नाटकाचं किंवा डॉक्युमेंटरीचं संगीत मिळतं, एप्रिलमध्ये जयंतीचा सीझन असतो आणि मग पावसाळा आला की सगळं थंड. हे सगळं मिळून सलग वर्षभर घरभाडं निघतंय असं दिसलं की मग नोकरीचा विचार कर.

आता लाजेचं. आझाद मैदानात बायका उन्हात बसल्यात, मंडपाचे पैसे वर्गणीतून आलेत, तिथे बिदागी मागायची नाही, ट्रेनचं तिकीट आणि चहा बास. पण हॉटेलच्या एसी हॉलमध्ये गरिबीवर परिषद आहे, कॉलेजचा फेस्ट आहे, कंपनीचा सामाजिक कार्यक्रम आहे, तिथे मात्र सरळ आकडा सांगायचा. साउंडवाल्याला पैसे, मंडपवाल्याला पैसे, केटररला पैसे आणि गाणाऱ्याला शाल-श्रीफळ, हे कुठवर चालवून घ्यायचं? स्वतःसाठी तोंड उघडत नसेल तर साथीदारांपासून सुरुवात कर. ढोलकीवाला दिवसाचा रोज बुडवून आलेला असतो, मागे झील धरणारी, म्हणजे कोरस देणारी पोरं विरार-कल्याणवरून येतात. त्यांचं पाकीट आधी, तुझं नंतर. माझ्या मते तुझं करिअर किती वर्षं चालेल हे व्ह्यूजपेक्षा ह्याच्यावर जास्त ठरेल, कारण पाच माणसं टिकली तर पथक टिकतं आणि पथक असेल तर लोक पुन्हा बोलावतात.

कराराचं बोलू. ‘सर्व हक्क, कायमस्वरूपी, जगभर’ असं कुठे लिहिलंय का ते बघ, बहुतेक असेलच. आपल्या कॉपीराइट कायद्यात करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, म्हणूनच कंपन्या हे शब्द न विसरता घालतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर रेकॉर्डिंगमधल्या गाण्याच्या गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला वाटा सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते कायद्यात टिकत नाही. तू दोन्ही आहेस, शब्दही तुझे आणि चालही तुझी. आयपीआरएस म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचा मेंबर हो, गाणी तिथे नोंदव. लगेच श्रीमंत होशील असं काही नाही, पण तुझं गाणं उद्या कुणा बिल्डरच्या जाहिरातीत वाजायला नको असेल तर कागद तुझ्याकडे हवा! सही करायच्या आधी वकिलाला दाखव, ती फी वाचवू नको.

बाहेरचं एक उदाहरण सांगतो, अमेरिकेतला लोकगायक पीट सीगर. १९५५ मध्ये संसदेच्या चौकशी समितीपुढे उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून खटला भरला, टीव्हीची दारं तर वर्षानुवर्षं बंद होती. गडी कॉलेजं, शाळा, मुलांची शिबिरं असा फिरत राहिला, तिथेच त्याचा श्रोता तयार झाला. नंतर हडसन नदीच्या प्रदूषणासाठी लोकांना जमवून एक शिडाचं जहाज बांधलं, १९६९ ला ते पाण्यात उतरलं, आणि मरेपर्यंत त्या नदीला चिकटून राहिला. तुझे विषय मला जरा जास्त वाटतात. आरेसाठी गायचं तर आरेतल्या पाड्यांवर जा, तिथली गाणी ऐक. मुंबईच्या ‘स्वदेसी’ ह्या रॅप ग्रुपने २०१९ ला आरेतल्या प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन गाणं केलं, त्यात नुसती बाहेरून आलेली कळकळ नाहीये, तिथला माणूस स्वतः गातोय. भाडेकरूंचा प्रश्न तर तुझ्या गल्लीतलाच आहे, मी असतो तर तोच धरला असता.

प्रश्न : आमच्या मंडळाला अण्णाभाऊ आणि अमर शेख यांची गाणी नव्या चालीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकायचीत. परवानगी लागते का? (एक वाचक, परळ)

उत्तर : लागते. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि दोघंही १९६९ लाच गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांना विचारायचं. पारंपरिक गोंधळ, ओव्या, पोवाड्याची जुनी चाल ह्याला कोणाची परवानगी लागत नाही, मात्र कुणी अलीकडे रेकॉर्ड केलेला ट्रॅक उचलून वापरायचा नाही.

प्रश्न : चौकातल्या कार्यक्रमात रात्री दहाला माईक बंद केला तर नुसत्या हलगीवर पुढे गाता येईल का? (एक वाचक, विक्रोळी)

उत्तर : नाही. रात्री १० ते सकाळी ६ उघड्या जागेवर माईकबरोबर वाद्यंसुद्धा बंद, अपवाद फक्त सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देतं तेवढाच, तो दिवस त्यात आहे का ते पोलीस स्टेशनला आधी विचारा. आणि पाहुण्यांची भाषणं साडेआठलाच आटपा, नाहीतर दरवेळी कात्री गाण्यालाच लागते.