पक झाकला, गोठवला की दाबला?

टोरोंटोहून एका वाचक ताईंनी प्रश्न पाठवला आहे. त्यांचा मुलगा आइस हॉकीत गोलकीपर आहे आणि पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना त्या सामना मराठीतून समजावून सांगतात. ‘गोलीनं क्रीझच्या बाहेर पक कव्हर केला म्हणून पेनल्टी’ हे नीट मराठीत कसं म्हणायचं, असं त्या विचारतात. ‘पक झाकला’ असं सांगून पाहिलं, तर आजींनी लगेच विचारलं, ‘कशानं झाकला?’

आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. मराठीत आपण वस्तू झाकतो ती कुणाला दिसू नये म्हणून, किंवा तिच्यावर धूळ-माशी बसू नये म्हणून. झाकण्याला झाकणही लागतं. गोलकीपरला यातलं काहीच करायचं नसतं. तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची ती रबरी चकती, म्हणजेच पक, तो हातमोज्याखाली किंवा अंगाखाली घेऊन बर्फाला टेकवून धरतो. कुणाच्या स्टिकला ती हलवता येत नाही, पंच शिट्टी वाजवतात, खेळ थांबतो. चकती दिसते की नाही याला महत्त्व नाही, ती हलायची थांबली याला आहे.

इंग्रजीत याच कृतीला पक ‘फ्रीझ’ करणं असंही म्हणतात. त्यावरून काही जण ‘गोठवणे’ सुचवतात. बँकेतलं खातं आपण गोठवतो, मग पक का नको? इथे मात्र तो शब्द घोटाळा करतो, कारण नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धेच्या सामन्यांत पक खरोखरच गोठवून आणतात. गार रबर कमी उसळतं, म्हणून सामन्याआधी पक फ्रीझरमध्ये ठेवलेले असतात. ‘गोलकीपरने पक गोठवला’ हे वाचून नवख्या माणसाच्या डोळ्यांसमोर भलतंच चित्र उभं राहील.

माझं मत ठामपणे ‘दाबणे’ या क्रियापदाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण त्याच्या जोडीला येणाऱ्या सहायक क्रियापदांत आहे. ‘दाबून धरणे’ आणि ‘दाबून ठेवणे’ ही रूपं मराठी माणूस सहज वेगळी वापरतो. जखम दाबून धरतात, फाईल दाबून ठेवतात. पहिल्यात त्या क्षणाची गरज आहे. दुसऱ्यात, जे पुढे सरकायला हवं होतं ते कुणीतरी मुद्दाम अडवलं, अशी तक्रार आहे. आइस हॉकीचा नियम नेमका याच फटीत उभा आहे. समोरून हल्ला होत असताना क्रीझमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या आखलेल्या जागेत, गोलकीपरने पक दाबून धरला, तर ते त्याचं कामच आहे. जवळपास कुणी नसताना, पक खेळता ठेवणं शक्य असताना त्याने तो दाबून ठेवला, तर तो वेळकाढूपणा, आणि त्याला दोन मिनिटांची शिक्षा आहे. इंग्रजीत हा भेद सांगायला जास्तीचं वाक्य लागतं, आपल्याकडे ‘धरणे’च्या जागी ‘ठेवणे’ आलं की काम होतं.

असाच भेद ‘पडणे’ आणि ‘अंग टाकणे’ यांत आहे, आणि त्यावरून तर एकेकाळी नियमच बदलावा लागला. नॅशनल हॉकी लीग १९१७ साली सुरू झाली तेव्हा गोलकीपरने पक अडवायला बर्फावर पडायचं नाही, उभ्यानेच खेळायचं, असा नियम होता. ऑटावा संघाचा क्लिंट बेनेडिक्ट मात्र वारंवार खाली जायचा आणि तोल गेल्यासारखं दाखवायचा. सारखा गुडघ्यांवर दिसतो म्हणून त्याला ‘प्रार्थना करणारा बेनी’ असं नाव पडलं. तो पडला की त्याने अंग टाकलं, हे पंचांनी ठरवायचं तरी कसं? अखेर जानेवारी १९१८ मध्ये गोलकीपरला खाली जायची मुभा मिळाली. तेव्हा ताईंनी ‘गोलकीपर पकवर पडला’ असं म्हणू नये. त्यात बिचारा घसरला असा भाव येतो. ‘पकवर अंग टाकलं’ म्हटलं की हेतू आपोआप आला, आणि नियमाला हेतूशीच कर्तव्य आहे.

आता ‘क्रीझच्या बाहेर’. क्रीझ हा शब्द तसाच ठेवावा, क्रिकेटमुळे तो आजींनाही परका नाही. फक्त एकदा सांगून टाकावं की इथे क्रीझ म्हणजे नुसती रेघ नसून गोलसमोरची फिकट निळी रंगवलेली जागा आहे. आठ फूट रुंद, पुढच्या बाजूला गोलाई दिलेली, आणि मध्यावर गोलरेषेपासून सहा फूट पुढे आलेली.

खरी अडचण आहे ती ‘बाहेर’ या शब्दाची. ‘गोलकीपरने क्रीझबाहेर पक दाबला’ या वाक्यात बाहेर कोण आहे? गोलकीपर की पक? मराठी वाक्यरचना दोन्ही अर्थ लावू देते आणि नियमात दोहोंत फरक आहे. गोलरेषेच्या मागे गेलेला पक दाबल्याबद्दल शिक्षा देताना गोलकीपरचं अंग पूर्णपणे क्रीझबाहेर होतं का, हे पाहिलं जातं. म्हणून अंग बाहेर असेल तर ‘क्रीझबाहेर येऊन पक दाबला’ म्हणावं. तो आत राहून हात लांब करत असेल तर ‘क्रीझबाहेरचा पक दाबला’ म्हणावं. ‘येऊन’ आणि ‘-चा’ एवढ्यावर निकाल फिरतो.

गोलच्या मागे काढलेल्या आकृतीचा गोंधळ ताईंनी विचारलेला नाही, पण व्यावसायिक सामने बघताना तो येणारच. २००५-०६ च्या हंगामापासून नॅशनल हॉकी लीगमध्ये गोलरेषेच्या मागे गोलकीपरला ठराविक जागेतच पक खेळता येतो. तिला इंग्रजीत ट्रॅपेझॉइड म्हणतात. आपल्या शाळेच्या भूमितीत त्याला ‘समलंब चौकोन’ हा उत्तम शब्द आहे, तोच बेधडक वापरावा. गोलरेषेवर तो आता २२ फूट रुंद आहे, मागच्या भिंतीपाशी २८. इथे मात्र पाहायचं ते पक कुठे आहे हे, गोलकीपर कुठे उभा आहे हे नाही. तेव्हा ‘समलंब चौकोनाबाहेरचा पक खेळला’ हेच बरोबर.

राहिली पेनल्टी. ‘दंड’ म्हटलं की मराठी कानाला पैसे ऐकू येतात, म्हणून ‘दोन मिनिटांची शिक्षा’ बरी. पण ‘गोलकीपरला दोन मिनिटं बाहेर बसवलं’ असं मी मराठी मजकुरात वाचलं आहे, ते चूक आहे. अशी शिक्षा भोगायला गोलकीपर जात नाही, त्याच्या वतीने संघातला दुसरा खेळाडू जाऊन बसतो आणि तेवढा वेळ संघ एका खेळाडूने कमी पडतो. म्हणून आजींना असं सांगावं: ‘आपल्या गोलकीपरने क्रीझबाहेर येऊन, कुणी अंगावर आलेलं नसताना पक दाबून ठेवला, म्हणून त्याच्याऐवजी दुसरा मुलगा दोन मिनिटं बसलाय.’ आणि गोलकीपर सोडून बचाव करणाऱ्या दुसऱ्याच कुणी क्रीझमधल्या पकवर अंग टाकलं, तर दोन मिनिटांवर भागत नाही. समोरच्या संघाला थेट पेनल्टी शॉट मिळतो. तिथे ‘पेनल्टी शॉट’ हाच शब्द राहू द्यावा, फुटबॉलमुळे आजोबांना तो ठाऊक असेल.