रिप्ले लावायच्या आधी जवानाला बोलू द्या

प्रश्न: सैनिकांच्या व्हीआर ट्रेनिंगचं (डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात केलेला सराव) सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टीममधे मी आहे. सराव संपला की सिस्टीम प्रत्येकाचा स्कोर लगेच देते, किती गोळ्या लागल्या, पहिली गोळी झाडायला किती सेकंद लागले, सगळंच. तरी ट्रेनर म्हणतात नंतर तासभर बसून चर्चा पाहिजेच. सगळं रेकॉर्ड झालेलं असताना चर्चा कशाला?

उत्तर: ट्रेनरचं बरोबर आहे, आणि हे मी अगदी ठामपणे सांगतोय. तुमच्या रेकॉर्डिंगमधे काय घडलं ते सगळं असतं पण का घडलं ते नसतं. समजा एक जवान दारापाशी चार सेकंद थांबला, स्कोरमधे तो स्लो दिसणार, पण तो घाबरून थांबला की मागच्या साथीदाराला कव्हर द्यायला थांबला की रेडिओवरचा हुकूम त्याला नीट ऐकूच आला नाही, हे त्यालाच विचारायला लागतं ना.

अमेरिकी लष्कराने १९७० च्या दशकात आफ्टर अ‍ॅक्शन रिव्ह्यू, म्हणजे कारवाईनंतरचा आढावा, नावाची पद्धत सुरू केली ती याचसाठी. काय ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय बदलायचं, एवढेच प्रश्न, आणि बोलायचं मुख्यतः जवानांनी. २६ फेब्रुवारी १९९१ ला इराकच्या वाळवंटात अमेरिकी आणि इराकी सैन्यात ७३ ईस्टिंगची (हे नकाशावरच्या एका उभ्या रेषेचं नाव) रणगाड्यांची लढाई झाली, ती नंतर कॉम्प्युटर सिम्युलेशनमधे जशीच्या तशी उभी केली, तेव्हासुद्धा लढाईतल्या लोकांना भेटून, त्यांच्याशी बोलूनच ते काम झालं.

आता तुमच्या सॉफ्टवेअरबद्दल. रिप्ले आधी वरून दाखवू नका! वरून शत्रू कुठल्या भिंतीमागे आहे ते सगळ्यांनाच दिसतं, मग बिचारा जवान उगाच मूर्ख ठरतो. आधी त्याला त्याच्या शब्दात सांगू द्या, मग त्याच्याच नजरेतून दाखवा, वरचा व्ह्यू सगळ्यात शेवटी. आणि रेडिओवरचं बोलणं रिप्लेसोबत जुळवून ऐकवाच, कारण बऱ्याच चुकांचं मूळ तिथेच सापडतं.

अजून एक, बऱ्याच हेडसेटमधे बाजूचं दिसणं डोळ्यांपेक्षा खूप कमी असतं, त्यामुळे "डावीकडे लक्ष नव्हतं" हा शेरा मारायच्या आधी डावीकडचं त्याला दिसत तरी होतं का ते तपासा. पाठीवर खरं वजन नसेल तर पळण्याच्या स्पीडवर मार्क देण्यात काही अर्थ नाही. हेडसेटमुळे कोणाला मळमळ झाली असेल तर त्याचा त्या दिवसाचा स्कोर बाजूलाच ठेवा.

स्कोरचा बोर्ड सगळ्यांसमोर लावणं तर बंदच करा, नंबर लागले की जवान चूक कबूल करायची सोडून लपवायला लागतात. त्यापेक्षा चर्चेत ठरलेली एकच गोष्ट घेऊन तोच सराव त्याच दिवशी परत करता येईल अशी सोय द्या, फक्त शत्रूची जागा बदला, नाहीतर ते पाठ झालेलंच करतील.