‘टान्चोच्या गाठी’ की मणी?

त्वचारोगावरचा मजकूर मराठीत आणताना ‘टान्चोज नोड्यूल्स’ला, म्हणजे शिश्नाच्या कातडीखाली मुद्दाम बसवलेल्या मण्यांना, ‘टान्चोच्या गाठी’ म्हणावं का, आणि हा टान्चो कोण, असा प्रश्न आला आहे.

टान्चो कुणी डॉक्टर नव्हे. तो केसांना लावायच्या जपानी पोमेडचा ब्रँड. त्याच्या बरणीची काच घासून मणी करायचे आणि शिश्नाच्या कातडीखाली सरकवायचे, त्यावरून हे नाव पडलं. वैद्यकात आजाराला डॉक्टरचं नाव लागतं. इथे कच्च्या मालाचं लागलंय! म्हणून ‘टान्चोच्या’ ही षष्ठी नको, तिने बरणीचा माणूस होतो.

‘गाठ’ तर मुळीच नको. मराठीत गाठ ‘येते’ किंवा ‘होते’, कुणी ती करवून घेत नाही; आणि शब्द कानावर पडताच कॅन्सरची पाल चुकचुकते. ज्यांच्यात ही चाल आहे ते काय म्हणतात पाहा. थाई भाषेत ‘फांग मुक’, म्हणजे मोती पुरणं. फिलिपिनो खलाशांत ‘बोलितास’, स्पॅनिशमधून आलेल्या ‘बारक्या गोळ्या’. आपल्याकडे ‘मणी’ आयता आहे. तुरुंगात टूथब्रशचा दांडा घासून केलेला प्लास्टिकचा तुकडाही त्यात बसतो.

तपासणीचं वर्णन करताना मात्र ‘गाठीसारखा हाताला लागतो’ असं खुशाल लिहा. वरची कातडी निरोगी, खाली टणक, गुळगुळीत, बोटाने सरकणारा आणि बहुधा न दुखणारा गोळा. ठाऊक नसलेला डॉक्टर त्याला सिस्ट, म्हणजे आत द्रव भरलेली पिशवी, समजू शकतो. पेशंटला सरळ विचारलं की बहुतेक वेळा उलगडा होतो. जंतुसंसर्ग झाला किंवा मणी कातडी फाडून बाहेर येऊ लागला, तर तो काढावा लागतो.

‘शिश्नरोपण’ही टाळा. वाचणाऱ्याला ती नपुंसकत्वावरची शस्त्रक्रिया वाटेल. ‘प्रत्यारोपण’ तर अवयवाचं. साधं ‘मणी बसवणं’ म्हणा.

बोर्निओतला ‘पलांग’ या खात्यात घालू नका. तो शिश्नाच्या बोंडातून आरपार घातलेला आडवा दांडा, दोन्ही टोकं बाहेर. मॅगेलनच्या सागरी मोहिमेत गेलेल्या इटालियन वृत्तांतकार पिगाफेट्टाने १५२१च्या सुमारास फिलिपिन्समध्ये पाहून लिहून ठेवला तो असाच प्रकार. त्याला कानासारखंच ‘टोचणं’ म्हणावं.