पुण्याच्या मॅनेजमेंट सीटसाठी पीएफ आणि दागिने मोडायचे का?

भाऊ, नमस्कार. तुमचं पत्र वाचलं. बाकी वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडतो, काही चुकलं तर सांगा. तुम्ही नाशिकचे, अंबड एमआयडीसीत एका कंपनीत नोकरी, वय ५२, कंपनी ५८ ला रिटायर करते. घरचं वर्षाचं उत्पन्न ७ लाख ४० हजार, महिन्याला हातात ५२ हजार येतात, त्यातून घराचा हप्ता साडेचौदा हजार जातो आणि तो अजून ५ वर्षं चालणार. मुलगी बारावी झाली, सीईटी दिली, ओबीसीतून कॅपच्या (इंजिनियरिंगच्या सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या राउंडला नाशिकमध्येच ईएनटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन, मिळालंय. तिला कॉम्प्युटर पाहिजे. आणि पुण्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची मॅनेजमेंट सीट (कॅपबाहेर, संस्था स्वतः भरते ती) करून देतो म्हणणारा एक माणूस तुम्हाला भेटलाय. फी वर्षाला २ लाख ८० हजार, वर ५ लाख कॅश, त्यातले ५० हजार टोकन रविवारपर्यंत. त्यासाठी पीएफमधून ६ लाख काढायचे, वहिनींच्या पाटल्या आणि पोहेहार मोडून ४ लाख, साडेतीन लाखांची एफडी, आणि मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यातून २ लाख, असं जवळजवळ ठरत आलंय. धाकटा दहावीला आहे. पोरीचं नुकसान नको, काय करू, असं तुम्ही विचारलंय.

माझं मत आधीच सांगतो, टोकन देऊ नका. त्या माणसाला आजच नाही म्हणा आणि मग पुढचं वाचा, कारण रविवारची तारीख डोक्यावर असली की माणूस हिशोब करत नाही, फक्त पैसे गोळा करतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट कुठेच नाही आणि मला तीच सगळ्यात मोठी वाटते. ८ जुलै २०२४ च्या जीआरनुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आहे. २०२४-२५ पासून सुरू आहे ही. आधी अर्धी होती, आता मुलींना पूर्ण. तुमची मुलगी यात बसते. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की एक रुपयाची सवलत नाही. खाजगी विद्यापीठ किंवा अभिमत विद्यापीठ असेल तरी नाही, आणि हे नीट बघा कारण पुण्यातली काही नावाजलेली कॉलेजं आता स्वतःच युनिव्हर्सिटी झालीत, बोर्डवरचं नाव बघून पटकन लक्षात येत नाही. म्हणजे तुमची तुलना 'ईएनटीसी की कॉम्प्युटर' एवढीच नाहीये, एका बाजूला फी जवळजवळ माफ आहे आणि दुसऱ्या बाजूला तीच माफी तुम्ही हाताने सोडताय आणि वर ५ लाख देताय.

आता चार वर्षांचा आकडा एकत्र बघू, कारण आपण सगळे पहिल्या वर्षाचाच आकडा बघतो. पुण्याला फी ११ लाख २० हजार, डोनेशन ५ लाख, हॉस्टेल आणि मेस वर्षाला १ लाख ३० हजार धरले तर ५ लाख २० हजार, लॅपटॉप ६० हजार. झाले २२ लाख. फी दरवर्षी थोडी वाढते ते धरलंच नाहीये. नाशिकला घरी राहून ईएनटीसी केलं तर माफी मिळूनही डेव्हलपमेंट फी वगैरे भरावी लागते, ती वर्षाला २५ हजार धरली, जाण्यायेण्याचे २५ हजार, वर लॅपटॉप आणि पुस्तकं, तरी चार वर्षांत ३ लाखांच्या आसपास. फरक १९ लाखांचा. तुमच्या घरचं अडीच वर्षांचं उत्पन्न.

बरं, हे २२ लाख आणणार कुठून, तर तुम्ही मांडलेले सगळे मिळून साडेपंधरा लाख होतात. उरलेले साडेसहा लाख चार वर्षांत म्हणजे महिन्याला साडेतेरा हजार. ५२ हजारांतून घराचा साडेचौदा आणि हे साडेतेरा, म्हणजे २८ हजार गेले आणि २४ हजारात चार माणसांचं घर, धाकट्याचा क्लास, दवाखाना. आणि हे करताना तुमच्याकडे एफडी नाही, सोनं नाही, पीएफ अर्धा. खाजगी कंपनीत ५२ व्या वर्षी सहा महिने घरी बसायची वेळ आली तर हात लावायला काही नाही. ती साडेतीन लाखांची एफडी मला तर मोडूच नये वाटते, कॉलेज कुठलंही असो.

पीएफचं वेगळं सांगतो. ६ लाख आज काढले नाहीत आणि ८.२५ टक्के व्याजदर असाच राहिला तर तुम्ही रिटायर होताना त्याचे साधारण ९ लाख ६५ हजार झालेले असतील. मुलगी इंजिनियर झाल्यावर तुमची दोनच वर्षं नोकरी राहते. त्या दोन वर्षांत हे परत भरून निघणार नाही. आणि धाकटा आज दहावीला, म्हणजे ताई शेवटच्या वर्षाला असताना तो पहिल्या वर्षाला असणार, दोन फिया एकाच जूनमध्ये, आणि मुलग्यांना अजून अर्ध्याच फीची सवलत आहे. त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात एका ओळीत आलाय पण पैशाच्या हिशोबात तो कुठेच नाही. तीन वर्षांनी त्याला 'तुझ्या वेळेला काही उरलं नाही रे' म्हणायची वेळ येऊ नये एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या ५ लाखांबद्दल स्पष्ट बोलतो. संस्था पातळीवरच्या जागा, म्हणजे याच मॅनेजमेंट सीट, कायदेशीर असतात, त्या गुणवत्तेनेच भरायच्या असतात, आणि कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवून देतं, ती त्यांच्या वेबसाइटवर बघता येते. त्याच्यावर कॅश मागणं म्हणजे कॅपिटेशन फी, महाराष्ट्रात १९८७ पासून त्याला कायद्याने बंदी आहे. पावती मिळणार नाही, बँक त्यावर कर्ज देणार नाही, मुलीला सहा महिन्यांत तिथे करमलं नाही तर परत मागायला तोंड नाही. याउलट कॅपच्या सीटची फी ठरलेल्या तारखेआधी प्रवेश रद्द केला तर हजार रुपये कापून परत मिळते.

कॉम्प्युटरचं मग काय? तिची इच्छा मी बाजूला टाकत नाहीये. चार वर्षं तिला अभ्यास करायचाय, तुम्हाला किंवा मला नाही. पण कॉम्प्युटर मिळवायचा रस्ता पुण्याच्या त्या एकाच गेटमधून जातो असं कोणी सांगितलं? पहिल्या राउंडला मिळालेली सीट पहिल्या पसंतीची नाही, त्यामुळे ती बेटरमेंट टाकून ठेवता येते, ईएनटीसी हातात राहतं आणि पुढच्या राउंडला वरचं काही मिळालं तरच ते सुटतं. तुम्ही पाठवलेली यादी बघितली, पहिल्या तेरा पसंत्या पुण्याच्या बड्या कॉलेजांच्या आणि चौदावं नाशिकचं ईएनटीसी, मधे काहीच नाही. त्या मधल्या जागेत नवी नावं टाकता येतात. संगमनेर, धुळे, जळगाव, लोणी या बाजूची, आणि नाशिकमधलीच थोडी कमी नावाची कॉलेजं, त्यातलं कॉम्प्युटर, आयटी, एआय डेटा सायन्स, मागच्या वर्षीचे कटऑफ काढून तिच्या पर्सेंटाइलच्या जवळपास कोणती येतात ते बघा. बाहेरगावी हॉस्टेल, मेस वर्षाला ८० हजार धरलं तरी चार वर्षांत सव्वापाच लाखांच्या आत बसतं, फी माफी कायम ठेवून. कॉलेज बघायला एक दिवस काढा, तिला घेऊन एसटीने जा, लॅबमध्ये किती कॉम्प्युटर चालू आहेत ते बघा, तिसऱ्या वर्षाच्या दोन मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही लांब थांबा.

एक काळजी घ्या. २०२५ च्या कॅपमध्ये नियम असा होता की पहिल्या राउंडला पहिली पसंती, दुसऱ्याला पहिल्या तीन आणि तिसऱ्याला पहिल्या सहा पसंत्यांपैकी काही मिळालं तर ते आपोआप फ्रीझ, घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या राउंडमधून बाहेर. या वर्षीचं माहितीपत्रक उघडून हे पान आधी वाचा. जिथे खरंच जायचं नाही असं कॉलेज नुसतं भरायला म्हणून वर टाकू नका. ऑप्शन फॉर्म, म्हणजे पसंत्यांची ही यादी, हा पैशाचा कागद आहे भाऊ, प्रत्येक ओळीपुढे चार वर्षांचा खर्च पेन्सिलीने लिहा आणि मगच क्रम लावा. बहुतेक घरांत उलटं होतं, आधी नाव लागतं आणि मग बाप पैसे शोधत फिरतो.

आणि समजा काहीच नाही आलं आणि ईएनटीसीच राहिलं, तर कॅम्पसला बऱ्याच आयटी कंपन्या ईएनटीसीच्या मुलांनाही बसू देतात, शिवाय १८ ते २० जास्तीचे क्रेडिट करून कॉम्प्युटरच्या विषयात मायनर (जोडीची दुय्यम पात्रता) घेता येतं, त्या कॉलेजात ते आहे का ते विचारा. दुसऱ्या वर्षाला शाखा बदलून मिळेल असं कोणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका, जागा रिकामी असली तरच होतं.

पैसे कुठून आणायचे ते सांगतो. सुकन्यातले काढा, ते तिच्या शिक्षणासाठीच ठेवले होते. दहावी झाल्यावर मागच्या मार्चअखेरच्या शिल्लकेच्या निम्म्यापर्यंत काढता येतात, फीच्या कागदापुरतेच, आणि वर्षाला एकदा असे हप्त्याहप्त्याने पाच वर्षांपर्यंत काढता येतात, त्यामुळे सगळे एकदम काढू नका, बाकीच्यावर व्याज चालू राहू दे. बाहेरगावचं कॉम्प्युटर लागलं तर वर ४ लाखांपर्यंत शैक्षणिक कर्ज घ्या, एवढ्या रकमेला सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. कर्ज मुलीच्या नावावर, तुम्ही सहकर्जदार. वर्षाला लाख उचललेत तर १० टक्क्यांनी सुरुवातीला व्याज महिन्याला ८३३ रुपये आणि शेवटच्या वर्षी ३,३३३ होतं, हे शिकत असतानाच भरत गेलात तर मुद्दल ४ लाखच राहतं आणि बऱ्याच बँका व्याजात थोडी सूटही देतात. नोकरी लागल्यावर ५ वर्षांत फेडायला हप्ता साडेआठ हजार. नवीन लागलेल्या मुलीला हे झेपतं. पुण्यासाठी १० लाख काढले असते तर १० वर्षं सव्वातेरा हजार, ते पहिल्या पगाराला जड आहे. वहिनींचे दागिने जिथे आहेत तिथे राहू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय, 'तिला पैशाचं काही सांगितलेलं नाही, ती टेन्शन घेईल'. मागच्या जूनमध्ये असेच एक वडील मुलीला घेऊन माझ्याकडे आले होते, म्हणाले तिला बाहेर बसवू का. मी म्हटलं नको, बसू द्या. कागदावर चार ओळी लिहिल्या, फी, हॉस्टेल, मेस, हप्ता. तिने कागद स्वतःकडे ओढला, माझ्याकडे पेन मागितलं आणि मेसच्या आकड्यापुढे १२ खोडून १० लिहिलं, दोन महिने मी घरीच असेन ना म्हणाली. मग थोडा वेळ गप्प बसून विचारलं, 'पप्पा, हा हप्ता आपल्या घराच्या हप्त्याएवढाच आहे ना?' वडिलांना वाटत होतं तिला घराचा हप्ता किती ते माहीतच नाही. त्या रात्री तिने यादीचा क्रम स्वतः बदलला आणि चार दिवसांनी मला फोन करून व्याजाचं विचारलं. अठरा वर्षांची मुलगी कर्जाच्या कागदावर सही करणार आहे, तिला आकडा कळायलाच हवा, आणि न सांगता सगळं मोडून तिला पुण्याला पाठवलंत तर हे कधीतरी तिला कळणारच आहे, तेव्हा ते ओझं जास्त असतं. तुमच्या मुलीला आज जेवण झाल्यावर वही घेऊन बसवा, वहिनी पण बसू द्या, आणि २२ लाख, सव्वापाच लाख आणि ३ लाख हे तिन्ही आकडे तिच्या हाताने लिहू द्या. रडली तर रडू द्या थोडं, लगेच 'बरं बघू पुण्याचं' असं म्हणू नका.

उद्या सकाळी कागद तपासा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जात वैधता, आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं. फॉर्म १६ मध्ये ओव्हरटाइम धरून उत्पन्न ८ लाखांच्या किती जवळ आहे ते बघा, वहिनींचं शिलाईचं उत्पन्नही त्यात धरायचंय. फी माफीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी भरावा लागतो, पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी विसरला असं खूप घरांत झालेलं मी बघितलंय. कॉलेजने ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायला मागितली तर देऊ नका, तपासून परत घ्या. आणि संगमनेर, धुळ्याकडच्या ज्या दोन-तीन कॉलेजांवर तुमचं आणि तिचं एकमत होईल त्यांचे फीचे कागद मला पाठवा, ऑप्शन फॉर्म कन्फर्म करायच्या आधी मी एकदा बघून देतो.