कर्नलमधला आकडा बाहेर दाखवताना

प्रिय विद्यार्थी मित्रा,

संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात तू लिनक्स कर्नलचे, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे, एक लहान मॉड्यूल (जोडता येणारा भाग) लिहिलेस आणि त्यातली मोजणी ‘/प्रॉक’मधल्या, म्हणजे कर्नल आपली माहिती जिथे फाइलींच्या रूपात दाखवतो तिथल्या, फाइलीत दाखवलीस, पण फाइल वाचून दाखवणाऱ्या ‘कॅट’ या आज्ञेने ती वाचताच एकच ओळ अखंड येत राहिली. या कामात करिअर आहे, की मित्रांसारखे वेबकडे वळावे, असे तू विचारतोस.

आधी त्या ओळीविषयी. हाती शून्य बाइट येईपर्यंत ‘कॅट’ वाचतच राहते. तुझे फंक्शन मात्र कुठवर वाचून झाले हे न पाहता दर वेळी पहिल्यापासून ओळ देते. कर्नलमधली ‘सेक-फाइल’ ही तयार सोय वापरलीस तर हा हिशेब कर्नल सांभाळेल. स्वतः लिहिणार असशील तर बाहेरच्या प्रोग्रॅमला माहिती जपून देणाऱ्या ‘कॉपी टू यूजर’ या फंक्शनमार्फतच लिही, कारण बफरचा, म्हणजे माहिती ठेवायच्या जागेचा, पत्ता बाहेरच्या प्रोग्रॅमने दिलेला असतो आणि कर्नलने त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा नसतो.

खरी कसोटी काय दाखवायचे हे ठरवण्यात आहे. मेमरीचा हिशेब दाखवणारी ‘/प्रॉक/मेमइन्फो’ ही फाइल उघडून पाहा. वापरता येण्याजोगी मेमरी काढण्यासाठी अनेक प्रोग्रॅम तिच्यातल्या ‘मेमफ्री’ (रिकामी मेमरी) आणि ‘कॅश्ड’ (फाइलींच्या तात्पुरत्या प्रतींची मेमरी) या ओळींची बेरीज करत. पण ‘कॅश्ड’मध्ये शेअर्ड मेमरीही, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात तीही, धरली जाते, जी अशी मोकळी करता येत नाही, म्हणून उत्तर चुके. अखेर 2014 मध्ये, 3.14 या आवृत्तीत, कर्नलनेच ‘मेमअव्हेलेबल’ ही अंदाजाची नवी ओळ दिली. जुन्या ओळी तशाच राहिल्या, कारण एकदा बाहेर दिलेल्या माहितीवर कोणाचा तरी प्रोग्रॅम विसंबलेला असतो आणि तो मोडायचा नाही, हा लिनक्सचा कडक नियम आहे. ही जबाबदारी तुला ओझे न वाटता आवडली, तर तू योग्य वाटेवर आहेस असे मी मनापासून सांगेन.

करिअर निश्चित आहे: स्टोरेज, नेटवर्किंग, वाहनांतील इलेक्ट्रॉनिक्स या क्षेत्रांत अशी माणसे लागतात आणि पुण्यातही ही कामे चालतात. नवोदितांना मात्र वेबच्या मानाने जागा कमी मिळतात, तेव्हा सी भाषा आणि डेटा स्ट्रक्चर पक्के कर, आणि कॅम्पस मुलाखतीही सोडू नकोस.

मॉड्यूल व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे संगणकातल्या आभासी संगणकातच, चालव. ते दुरुस्त झाले की तोच आकडा ‘/सिस’मध्ये, म्हणजे ‘/प्रॉक’सारख्याच दुसऱ्या जागी, दाखवून पाहा, तिथे एका फाइलीत एकच मूल्य ठेवण्याचा दंडक आहे. नंतर कर्नलच्या दस्तऐवजातली एखादी चूक शोधून तिचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा मजकूर, साध्या मजकुराच्या ईमेलने देखरेख करणाऱ्यांना पाठव, आणि त्यांनी सुचवलेले बदल करून तोच पॅच पुन्हा पाठव.